साठ किलोंचं राज्य

दसरा झाला की माझं पोट आपोआप आत जातं. रिंग सुटून आता बरीच वर्षं झाली, वजनकाट्याशी माझं काही देणंघेणं उरलं नाही, तरी या दिवसांत कुणी ताटात भात वाढला की हात मध्येच थांबतो. मी ज्या शाळेत खेळ शिकवते तिथल्या बाई विचारतात, "काय झालं मॅडम, आवडला नाही का?" आवडतो की. भातावरच वाढलेय मी. पण अंगाची सवय फार चिवट असते. तिला कितीदा सांगितलं, बाई, संपलं ते, सोड आता. ऐकत नाही.

परवा गडचिरोलीहून घरी निघाले. वैनगंगेचा पूल ओलांडून एसटी सावली गावाच्या रस्त्याला लागली आणि खिडकीतून तो वास आला. हलका, म्हणजे लवकर येणारा धान कापून शेताच्या बांध्यांमध्ये पेंढ्यांच्या कडपा पसरलेल्या, वर दुपारचं ऊन, खाली अजून ओल. कापलेल्या धानाचा वास नीट सांगता येत नाही. थोडा दुधाचा, थोडा चिखलाचा, थोडा उन्हात वाळत घातलेल्या गोधडीचा. शेजारी बसलेल्या बाईनं तो छाती भरून घेतला आणि म्हणाली, "नवं आलं वं माय." तिच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. माझ्या तोंडाला कोरड पडली. या वासानं लोकांना सण आठवतो, मला काटा आठवतो. मी राज्याची साठ किलो गटातली बॉक्सिंगची विजेती होते. एक-दोन वर्षं नाही, इतकी वर्षं की शेवटी शेवटी माझा मलाच कंटाळा आला होता.

हे सगळं देवाजीभाऊंमुळे झालं. ते वनरक्षक होते. तरुणपणी खात्याच्या स्पर्धांमध्ये बॉक्सिंग खेळलेले. निवृत्त होऊन गावात आले तर करायला काही नाही. मग घरामागच्या मोहाच्या झाडाला त्यांनी कोंड्यानं भरलेला बोरा टांगला आणि रोज सकाळी त्याला ठोसे मारायला लागले. गावाला वाटलं, म्हातारा जंगलातून काहीतरी लावून घेऊन आला. मी तेव्हा शाळेत होते. एकदा डोक्यावर धानाचा भारा घेऊन शेताच्या निसरड्या धुऱ्यावरून चालले होते, ते त्यांनी बांधीच्या पलीकडून पाहिलं आणि संध्याकाळी थेट आमच्या अंगणात आले. बाबांना म्हणाले, "मारोती, तुया पोरीचे पाय मले दे. हात मी शिकवतो." बाबा बाजेवर बसून दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "पाय तू नेले तं भारे कोण आणन?"

पाय गेलेच. सकाळी मी त्या बोऱ्याला मारायची, कोंडा उडून नाकातोंडात जायचा, आणि दुपारी शाळेत शिंकत बसायची. पळायला डांबरी रस्ता होता. तेव्हा तो मोकळा असायचा. आता त्याच रस्त्यानं सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडून येणारे ट्रक जातात, कडेची झाडं लाल झाली आहेत आणि सकाळी पळायचं म्हटलं तर आधी तोंडाला फडकं बांधावं लागतं. मध्ये काही वर्षं वाघाची भीती इतकी वाढली की पहाटे एकटं बाहेर पडू नका म्हणून दवंडी झाली. देवाजीभाऊ सायकलवर मागे यायचे, हातात काठी, गळ्यात शिटी. मी दमून चालायला लागले की म्हणायचे, "चाल, चाल. माह्यापेक्षा तो मागं असन तं काय करशील?" माझा वेग वाढण्यात त्या वाघाचाही वाटा आहे, फक्त कुठल्या बातमीत त्याचं नाव आलं नाही.

गावात माणूस तोलायचा काटा नव्हता. होता तो धान घेणाऱ्या शेठचा. पहिल्यांदा राज्य स्पर्धेला निघाले तेव्हा देवाजीभाऊंनी मला त्यावर उभं केलं. साठाच्या चांगली आत भरले. ते खूश, मी खूश, आणि खुशीत मी गाडीत मायनं बांधून दिलेल्या पोळ्या सगळ्या संपवल्या. तिथे पोचून पंचांच्या काट्यावर चढले तर काटा साठ ओलांडून पुढे. तो शेठ धान घेताना काटा मारतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दर हंगामात त्याच्या नावानं बोटं मोडायची आणि माझं वजन मात्र डोळे मिटून त्याच्याच काट्यावर करायचं. अख्ख्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवाजीभाऊंनी कपाळाला हात लावला. "धानाले मारते तसं त्यानं तुलेबी मारलं वं." मग अंगात रेनकोट घालून मी जिन्यावर वर-खाली पळत सुटले. घाम निथळला, वजन उतरलं, आणि त्याच दुपारी पहिली लढत जिंकले. त्या वर्षीचं पदकही.

पहिल्या वर्षी बसस्टँडवर बँड होता. गुलाल इतका की दुसऱ्या दिवशीही आंघोळीचं पाणी गुलाबी निघत होतं. सरपंच बोलले, हेडमास्तर बोलले, देवाजीभाऊंना कुणीतरी खांद्यावर घेतलं. पुढच्या वर्षी बँड, गुलाल, थोडी कमी माणसं. त्याच्या पुढच्या वर्षी नुसता गुलाल. मग एकदा मी उतरले आणि चहावाला म्हणाला, "जिंकली काय? मले वाटलंच," आणि पुन्हा स्टोव्हला पंप मारायला लागला. पेपरात पहिल्यांदा माझा फोटो मोठा आला होता. मग लहान झाला, मग नुसतं नाव, मग इतर निकालांत एक ओळ. त्यांचं तरी काय चुकलं? दरवर्षी तीच पोरगी, तेच पदक. मला स्वतःला तरी काय वाटायचं? रिंगमध्ये पंच माझा हात उचलायचे आणि मी मनात म्हणायची, झालं एकदाचं. निंदण संपल्यावर बायका कंबर सरळ करतात तेव्हा जेवढा आनंद असतो, तेवढाच.

हरलेल्याला पुढच्या वर्षी काहीतरी नवीन करायचं असतं. जिंकलेल्याला तेच पुन्हा करायचं असतं. सकाळी तेच पळणं, तोच बोरा, हातावर त्याच पट्ट्या गुंडाळायच्या, डाव्या हातानं समोरचीला लांब ठेवायचं आणि उजवा राखून ठेवायचा. माझ्यात फार काही वेगळं नव्हतं हो. पाय पक्के होते आणि घाई नव्हती. समोरची मुलगी दमेपर्यंत मी थांबू शकायची, एवढंच. कोमल नावाची एक मुलगी होती, पश्चिमेकडची. अंतिम फेरीत ती वर्षानुवर्षं माझ्याकडून हरली. दर वेळी लढत संपली की ग्लोव्हजसकट मिठी मारायची आणि म्हणायची, "ताई, पुढच्या वर्षी नक्की." तिच्या डोळ्यांत पुढचं वर्ष दिसायचं. मला हेवा वाटायचा तिचा, खरंच वाटायचा.

आणि वजन. बघणाऱ्यांना वाटतं बॉक्सरला ठोसे दुखतात. ठोसे विसरायला होतात. तहान विसरायला होत नाही. आमच्यात ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी वजन द्यावं लागतं, म्हणजे एका स्पर्धेत रोज काट्यावर चढायचं. माझं अंग खरं तर साठाचं नव्हतंच. वय वाढलं तसं ते वर सरकायला लागलं आणि मी त्याला दाबून धरलं. दसऱ्यापासून भात बंद, मग मीठ बंद, मग शेवटच्या दिवसांत पाणीसुद्धा घोट घोट. ओठांना भेगा. जीभ टाळूला चिकटलेली. आणि नेमकं त्याच दिवसांत गावात घराघरातून नव्या तांदळाचा वास. बायका मला चिडवायच्या. "हे हलक्या गटातली, धानबी हलकाच, पण खाईन तं काय?" मी हसायची. हसायलाही जोर लागायचा.

आता आमच्या घरची रीत सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडलं.

आम्ही गोंड. आमच्या घरी नवा धान आला की तो आधी पेनापुढे ठेवतात. पेन म्हणजे आमचा घरचा देव, आणि आमच्यातलीच गेलेली माणसंही त्याच्याजवळच. त्यांना दाखवल्याशिवाय कुणी नव्या धानाला तोंड लावत नाही. आणि मग घरातली सगळी माणसं एका पंगतीत बसून पहिला घास एकत्र घेतात. कुणी बाहेर असेल तर थांबतात. एकदा पंगतीला बसलं की पोटभर खायचं. नवं अर्धपोटी खाल्लं तर घर वर्षभर अर्धपोटी राहतं, असं आमच्यात मानतात. ताटात टाकायचं नाही, एका वाढीवर उठायचं नाही.

राज्य स्पर्धा दरवर्षी दिवाळीनंतर. जिंकले की तिथूनच राष्ट्रीय शिबिराला बोलावणं. म्हणजे मी जितकी चांगली खेळणार, तितकं घर थांबणार. खळ्यावर नव्या धानाचे पुंजणे उभे आणि घरात रेशनचा तांदूळ शिजतोय, असं कितीतरी वर्षं चाललं. एकदा मी शिबिरातून थेट पौषात उगवले. बाबा दारातच उभे होते. म्हणाले, "आली का वं? ये. तू जरा हारत जा मधात मधात, म्हणजे आमालेबी येळेवर नवं भेटन." सगळे हसले. मीही हसले. पण त्यात थोडं खरं होतं आणि ते सगळ्यांना कळलं होतं, बाबांनाही. ते लगेच आत जाऊन पाट मांडायला लागले.

पंगतीला बसले की मी पहिला घास घ्यायची आणि मला रडू यायचं. कुणाला दाखवायची नाही. लोकांना वाटायचं मिरची लागली.

मला आठवतो तो शेवटचा हंगाम. त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला आणि कापलेल्या कडपा बांधीतच भिजल्या. धान वाळवता वाळवता दिवाळी उलटली. बाबा पावसाळ्यापासूनच अंथरुणाला लागले होते. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि मोरेश्वरला, म्हणजे माझ्या भावाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या, काहीतरी पोटात गेलं पाहिजे. पण बाबांना काही खावंसंच वाटत नव्हतं. वहिनीनं पेज केली, अंडं केलं, नदीचे मासे आणले. ते दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. हाताची हाडं मोजून घ्यावीत असे झाले होते. एकदा मात्र आपणहून बोलले. "नवं झालं का? नव्याची पेज खाईन मी."

मी म्हणाले, "यंदा मी जात नाई स्पर्धेला."

"काऊन?"

"मन नाई."

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "माह्यासाठी राहून राह्यली नं? तसं करू नको. मंग माहा घास उतरणार नाई. तू जा. मी थांबतो."

मी म्हणाले, तुम्ही थांबू नका, धान वाळला की खाऊन घ्या, मी आल्यावर खाईन. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. आमच्या बाबांशी वाद घालायचा म्हणजे भिंतीशीच घालायचा.

मग मी स्पर्धेला गेले. पहिली लढत जिंकले, दुसरी जिंकले, उपांत्य फेरी जिंकले. कशी जिंकले ते विचारू नका, पाय आपले आपण चालत होते. ज्या संध्याकाळी अंतिम फेरी नक्की झाली, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझं आणि कोमलचं वजन व्हायचं होतं. मी साठावर अगदी काठोकाठ होते. वसतिगृहाच्या कट्ट्यावर ओला रुमाल ओठांवर धरून बसले होते. तेवढ्यात देवाजीभाऊ आले. ते या वेळी मागाहून आले होते, गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नव्हता. त्यांच्या खांद्यावर पिशवी होती. पिशवीतून त्यांनी मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. वासावरूनच कळलं, नवा तांदूळ.

"धान वाळला," ते म्हणाले. "पेनाले दाखवला. पण मारोती खात नाई. माय त्याच्यापुढं रडली, पोट्टा रागावला. नाई म्हणते. पोरगी आली की खाईन म्हणते. काल पाणीबी मोठ्या मुश्किलीनं पेला."

मग त्यांनी मोरेश्वरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मोरेश्वर दमलेला होता, त्याचा आवाजच सांगत होता. "ताई, मायनं एक उपाय काढला आहे. फोनवर तू दिसते, आमी दिसतो. तू तिथी बस, आमी इथी बसतो. चालते का?"

मागून मायचा आवाज आला. "पेनाले सगळंच दिसते, मंग फोनातूनबी दिसन. तू बस वं माय. बस आता."

फोन खाली ठेवून मी देवाजीभाऊंकडे पाहिलं. म्हटलं, "भाऊ, उद्या सकाळी वजन आहे."

"मले माहीत आहे."

"हे पोटभर खावं लागते."

"तेबी माहीत आहे." ते माझ्या शेजारी बसले आणि गुडघा चोळायला लागले. "मी तुले जेव म्हणणार नाई, नको जेवूबी म्हणणार नाई. मी फक्त आणून दिलं." आयुष्यभर मला काय करायचं ते सांगणारा माणूस पहिल्यांदा गप्प बसला होता, आणि मला त्यांचाच राग आला. सांगा ना काहीतरी, असं ओरडावंसं वाटलं.

खोटं करता आलं असतं. फोनसमोर एक घास तोंडात टाकायचा, म्हणायचं, झालं बाबा, आणि ताट बाजूला सारायचं. बाबांना त्या एवढ्याशा काचेत काय दिसणार होतं? तो विचार माझ्या डोक्यात आला आणि गेला. त्यांनी किती हंगाम माझ्यासाठी रेशनचा तांदूळ खाल्ला ते मला ठाऊक होतं. त्यांच्या पंगतीत खोटा घास मला घ्यायचा नव्हता.

खानावळीच्या बाईंनी एक शेगडी दिली. देवाजीभाऊंनीच तांदूळ धुतला, त्यांनीच शिजवला. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, थोडा गिचका, त्याला दाण्यापेक्षा वासच जास्त. सोबत नुसतं वरण आणि मीठ. मी खाली जमिनीवर बसले, समोर पाण्याच्या तांब्याला फोन टेकवला. तिकडे बाबांना मोरेश्वरनं मागून आधार देऊन बसवलं होतं. माय, वहिनी, सगळे एका रांगेत. बाबांनी डोळे बारीक करून फोनात पाहिलं. "दिसते. वाळून गेली पोरगी." मग मायनं पेनाचं नाव घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी घास उचलला.

बाबा चावत राहिले. किती तरी वेळ एकच घास. मग गिळला. मग दुसरा घेतला, मग मायला म्हणाले, "मीठ कमी आहे," आणि मायनं तोंडावर पदर धरला. कारण पावसाळ्यापासून त्यांनी जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवण्याइतकी चव त्यांना लागलीच नव्हती. मी दुसरी वाढ घेतली. ते बघत होते. मी तिसरी घेतली. वरून दोन पेले पाणी प्याले. दसऱ्यानंतर पहिल्यांदा माझं पोट भरलं आणि अंगात एवढी झोप आली की हात धुता धुता डोळे मिटत होते. बाबा त्यानंतर आणखी दोन वर्षं नवं जेवले, मगच गेले. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक होतं?

मी मेल्यासारखी झोपले. सकाळी काट्यावर चढले. काटा थोडा मागेपुढे झाला आणि साठाच्या वर जाऊन थांबला. फार नव्हतं. पंचबाई ओळखीच्या होत्या, दर वर्षी त्याच माझं वजन घ्यायच्या. त्या हळूच म्हणाल्या, "अजून तास आहे. उतरेल एवढं. जा, पळ." खरं होतं ते. याहून जास्त वजन मी याहून कमी वेळात उतरवलेलं होतं. दाराशी देवाजीभाऊ उभे होते, एका हातात उड्या मारायची दोरी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचा कोट. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

मी काट्यावरून उतरले, चपला घातल्या आणि बाहेर पायरीवर ऊन पडलं होतं तिथे जाऊन बसले. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. पोटात बाबांच्या पंगतीतला भात होता आणि तो पळून, घाम गाळून मला काढायचा नव्हता. एवढी साधी गोष्ट. देवाजीभाऊ आले, माझ्याकडे पाहिलं, कोटाची घडी घातली आणि शेजारी बसले.

थोड्या वेळानं कोमल धावत आली. तिचं वजन झालं होतं, ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले, माझ्यासारखेच. ती भयंकर चिडलेली होती. "ताई, बसलात काय? उठा. वेळ आहे अजून. असं नको मला पदक. मला तुम्हाला रिंगमध्ये हरवायचंय." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "काय झालं तुम्हाला? बरं नाही का? घाबरलात का मला?"

मी तिचा हात धरून तिला पायरीवर बसवलं.

"नाही गं," मी म्हणाले. "काल घरच्यांसोबत जेवले."